शांता आपटे : गाणारी आणि बोलणारी नटी

चित्रपटांत पार्श्वगायनाची पद्धत रूढ होण्यापूर्वीं नटीला आपलें गाणें स्वतःच गावें लागे. पडद्यावर दिसणारा चेहरा आणि ऐकूं येणारा कंठ हे बहुधा एकाच व्यक्तीचे असत. त्यामुळें गाणाऱ्या मुलींना मागणी मोठी. परंतु गाणें सुरू झालें कीं पुष्कळांचा अभिनय थांबे. हा ताठरपणा ज्या नटींनीं घालविला, त्यांत शांता आपटे यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागतें. त्यांचे डोळे आणि हात गाण्याबरोबर बोलत.

शांताबाईंचा जन्म १९१६ सालीं, आज सोलापूर जिल्ह्यांत असलेल्या दुधनी येथें झाला. गाण्याचें शिक्षण त्यांनीं पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयांत घेतलें. १९३२ सालीं भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर' या बोलपटांत त्या राधा झाल्या. हा बोलपट मुंबईंत पंचवीस आठवड्यांहून अधिक काळ चालला. पुढें प्रभात कंपनी कोल्हापूर सोडून पुण्यास आली आणि 'अमृतमंथन' (१९३४) व 'अमरज्योति' (१९३६) या चित्रपटांनीं शांताबाईंचा आवाज घरोघरीं पोहोंचविला.

परंतु त्यांची खरी ओळख पटते ती १९३७ च्या 'कुंकू' मधील नीरेच्या रूपानें. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांतारामांनीं हा चित्रपट केला. तरुण नीरेचें लग्न फसवणुकीनें एका वयस्क विधुर वकिलाशीं लावून दिलें जातें. कर्म म्हणून तें सोसावें, हा सर्वांचा उपदेश ती मानीत नाहीं आणि पत्नी म्हणून नांदण्यास ठाम नकार देते. केशवराव दाते यांचा म्हातारा नवरा निव्वळ खलपुरुष नाहीं. आपला अन्याय त्याला हळूहळू उमगतो. म्हणूनच नीरेचा नकार अधिक अवघड होतो आणि प्रेक्षकाला अधिक विचार करावयास लावतो. चित्रपटांत पार्श्वसंगीत नाहीं. अशा शांततेंत शांताबाईंचा आवाज एकटा उभा राहतो आणि त्याचें सामर्थ्य ध्यानांत येतें.

दोन वर्षांनीं, १९३९ मध्यें, पुण्याच्या लोकांनीं एक निराळेंच दृश्य पाहिलें. करारासंबंधीं कंपनीशीं मतभेद झाल्यामुळें शांताबाई प्रभातच्या फाटकापाशीं उपोषणास बसल्या. वाद कोणत्याहि धंद्यांत होतात. परंतु नामवंत नटीनें आपलें गाऱ्हाणें असें भररस्त्यावर मांडावें, हें त्या काळीं अपूर्व होतें. कुलीन घरांतून अद्यापि 'मुलीनें सिनेमांत जावें काय?' एवढाच प्रश्न विचारला जात होता. गेलेल्या मुलीला कराराचे कोणते हक्क असावेत, याचा विचार फारसा कोणी करीत नसे. १९४० सालीं शांताबाईंनीं पुस्तक लिहिलें आणि त्याला नांव दिलें 'जाऊं मी सिनेमांत?'. चित्रपटधंद्यांत श्रम कोणाचे आणि लाभ कोणाचा, याची त्यांत परखड चर्चा आहे. नटीनें स्वतःच्या धंद्याविषयीं इतक्या उघडपणें लिहिल्याचें तें आपल्याकडील फार आरंभींचें उदाहरण होय.

प्रभात सोडल्यावरहि त्या स्वस्थ बसल्या नाहींत. १९४१ च्या तमिळ 'सावित्री' साठीं त्यांनीं ती भाषा शिकून घेतली. त्याच चित्रपटांत एम. एस. सुब्बलक्ष्मी नारद झाल्या होत्या. पुढें लाहोर येथें झालेल्या 'जमीनदार' (१९४२) मध्येंहि त्या चमकल्या. मात्र नीरेच्या तोलाची भूमिका त्यांना पुन्हा लाभली नाहीं. २४ फेब्रुवारी १९६४ रोजीं, पन्नाशीहि गांठण्यापूर्वीं, त्या निवर्तल्या.

प्रभातच्या आवारांत १९६० पासून चित्रपटाचें शिक्षण देणारी सरकारी संस्था आहे. तेथें शिकणाऱ्या मुलींना 'जाऊं मी सिनेमांत?' असें कोणाला विचारावें लागत नाहीं. आपल्या कामाचें मोल कोणीं ठरवावें, हा शांताबाईंचा दुसरा प्रश्न मात्र आजहि प्रत्येक कलावंतापुढें उभा आहे.