विमानातलं इंटरनेट : सोय किती, धोका किती?

(दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिला आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं परदेशात आहेत, त्यामुळे विमानप्रवास आता नवलाईचा राहिलेला नाही. मी विमानांच्या देखभालीत नोकरी करून निवृत्त झालो. म्हणून सकाळी चहाच्या वेळी तिघांनी एकच प्रश्न विचारला, "विमानात वाय-फाय लावलं तर विमानाला काही होत नाही ना रे?"

नाही होत. 2013 मध्ये अमेरिकेत आणि 2014 मध्ये आपल्या डीजीसीएने फ्लाइट मोडवर फोन वापरायला परवानगी दिली, ती तपासण्या झाल्यावरच. विमानातलं वाय-फायही चाचण्यांतून पार पडल्यावरच बसवलं जातं. आपल्याकडे 2018 साली त्याचे नियम झाले. 1 जानेवारी 2025 पासून एअर इंडियाने काही विमानांत देशातल्या मार्गांवरही ते सुरू केलं.

ते चालतं कसं? विमानाच्या पाठीवर वशिंडासारखा एक उंचवटा दिसतो. त्यात अँटेना असतो आणि तो उपग्रहाशी बोलतो. जुन्या पद्धतीचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर 35,786 किलोमीटरवर असतो. तुमचा निरोप वर जातो, खाली जमिनीवर येतो. उत्तर पुन्हा वर जातं आणि पुन्हा खाली येतं. चार फेऱ्यांचा हिशेब प्रकाशाच्या वेगाने मांडला तरी जवळजवळ अर्धा सेकंद होतो. हे गणित सरांनी फळ्यावर सहज सोडवून दाखवलं असतं! स्टारलिंकचे उपग्रह त्यापेक्षा खूपच खाली फिरतात, म्हणून तिथे हा उशीर फारसा जाणवत नाही.

फायदे खरे आहेत. वैमानिकाला पुढच्या वादळाची ताजी माहिती मिळते. कुणाची तब्येत बिघडली तर जमिनीवरच्या डॉक्टरांचा सल्ला घेणं सोपं होतं. विमान आणि उपग्रह यांचा संपर्क किती मोलाचा असतो, हे 2014 च्या मार्चमध्ये जगाला कळलं. मलेशियाचं एमएच 370 रडारवरून नाहीसं झालं. पुढे कित्येक तास ते उडत होतं आणि दक्षिण हिंदी महासागराकडे गेलं, हे समजलं ते उपग्रहाशी तासातासाने आपोआप होणाऱ्या संकेतांवरून.

आता धोके. प्रवाशांचं इंटरनेट आणि विमान चालवणारी यंत्रणा वेगवेगळी ठेवलेली असते. तरी बाहेरच्या जगाशी जोड वाढले की पहाराही वाढवावा लागतो. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2015 मध्ये हाच इशारा दिला होता. ती काळजी अभियंत्यांनी करायची. तुम्ही आपला खिसा सांभाळायचा.

2024 मध्ये ऑस्ट्रेलियात पोलिसांनी एका माणसावर गुन्हा दाखल केला. विमानाच्या वाय-फायसारखंच दिसणारं खोटं वाय-फाय तो प्रवासात चालू करायचा. लोक त्याला जोडले जायचे आणि समोर आलेल्या पानावर आपला ईमेल आणि पासवर्ड भरून मोकळे व्हायचे. म्हणून वाय-फायचं नेमकं नाव आधी कर्मचाऱ्यांना विचारा. कुठलंही पान ईमेलचा पासवर्ड मागू लागलं तर तिथेच थांबा. बँकेचं काम विमानात काढूच नका. तसाही फ्लाइट मोडवर एसएमएस सहसा येत नाही, मग ओटीपी कुठून येणार?

पण मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. आपल्या तुकडीतली एक मैत्रीण अमेरिकेहून एकटी परत येत होती. अर्ध्या वाटेवर भावाचा निरोप आला, आई गेली. उतरायला अजून सहा तास होते. ती मला म्हणाली, "रडायलासुद्धा जागा नव्हती." दुसऱ्या एका मित्राला अशीच बातमी विमानात मिळाली. त्याने तिथूनच पुढच्या विमानाचं तिकीट बदललं आणि वडिलांच्या अंत्यदर्शनाला वेळेवर पोहोचला. बातमी सारखीच, सोयही तीच. पण एकीच्या हातात करण्यासारखं काही नव्हतं आणि दुसऱ्याच्या होतं.

पूर्वी विमानात बसलं की हा प्रश्न आपोआप सुटायचा, निरोप पोहोचायचाच नाही. आता तो आपल्याला सोडवावा लागेल. आपलं वय असं आहे की असे निरोप आपल्याला येतील, किंवा आपल्याबद्दल आपल्या मुलांना जातील. म्हणून निघण्यापूर्वी घरात एकदा स्पष्ट बोला : वाईट बातमी वाटेत कळवायची की उतरल्यावर? घरच्यांनीही निरोप पाठवण्याआधी विचार करावा, की हे कळून त्या माणसाला वर बसून काही करता येणार आहे का? आणि तुम्हाला असा निरोप आलाच, तर एकट्याने सोसत बसू नका. विमानातल्या कर्मचाऱ्यांना सांगा. ती माणसं पाणी आणून देतात, शक्य असेल तर जागा बदलून देतात, शेजारी बसतातही.

बाई, तुम्ही वर्गात म्हणायचात, आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा. आज आम्ही सगळ्यांनी फोनच्या बाबतीत तेवढं केलं तरी पुरे.