तुंबा नसलेलं चाक

मागून जो आवाज येतोय तो भुसावळकडे जाणाऱ्या मालगाडीचा आहे. नांदुऱ्यात स्टेशनजवळ बसून रेकॉर्डिंग करायचं म्हणजे दर दहा मिनिटांनी थांबायचं, तर तेवढं सांभाळून घ्या.

आजचा विषय चाक. पण मधे काहीच नसलेलं चाक. तुंबा नाही, आरे नाहीत, आस नाही, नुसती कडा. आणि ती कडाही कडक नाही, दाबली की चपटी होणारी. ही कडा आम्ही खेळण्यातल्या विटांच्या सेटमधल्या ट्रॅकच्या कड्यांनी बनवली. बुलडोझरच्या खालचा पट्टा असतो ना, त्याच्याच छोट्या प्लॅस्टिकच्या कड्या. एकमेकींत टच्चकन बसतात.

आम्ही म्हणजे मी आणि माझा भाचा. तो आठवीत आहे. त्यानं 36 कड्या जोडून एक गोल केला. आतून एक चौकट, चौकटीला छोटी मोटर, मोटरीचं दातेरी चाक कड्यांच्या आतल्या दातांत अडकवलेलं. मोटर फिरली की कडा फिरते आणि सगळा गाडा पुढे जातो, अशी कल्पना. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात टेबलावर ठेवला, हात काढला, आणि गोलाचा वरचा भाग सरळ खाली पडला. पिशवी रिकामी झाल्यावर पडते ना, तसा. समोर चाळीसएक पोरं. बघायला आलेले एक सर हसत म्हणाले, "हे चाक आहे की पोळी?" पुढे दोन महिने त्या डब्याला त्यानं हात लावला नाही. आजचा भाग त्या पोळीबद्दलच आहे.

मला आधी वाटलं, कड्या हलक्या दर्जाच्या असतील. तसं नव्हतं. पाप भूमितीचं होतं. तीन काड्या टोकांना सैल जोडल्या की त्रिकोण होतो, आणि तो ढकलून बदलत नाही. चार जोडल्या की चौकोन, आणि तो लगेच तिरका होतो. दर वाढीव काडीमागे वाकायची एक नवी वाट उघडते. सपाटीत हिशोब सोपा आहे: जितक्या काड्या, त्यातून तीन वजा. म्हणजे 36 कड्यांच्या गोलाला आकार बदलायच्या 33 वाटा मोकळ्या! तो उभा राहील कशाला?

हे त्रिकोण-चौकोनाचं खरं तर आपल्याकडे कितीतरी मुलांनी हातानं करून पाहिलंय. अरविंद गुप्ता हे नाव ऐकलं असेल. पुण्यात टेल्कोमध्ये इंजिनिअर होते. 1978 च्या सुमारास मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथे त्यांना सायकलच्या वाल्व ट्यूबचा उपयोग सापडला. त्या बारीक रबरी नळीचा तुकडा कापायचा, दोन्हीकडून आगकाड्या खुपसायच्या, झाला सांधा. पुढे पुण्याच्या आयुकामधल्या विज्ञान केंद्रात त्यांनी अशी शेकडो खेळणी केली. त्यांच्या सांध्यात रबर आहे, म्हणून तो वाकतोही आणि परतही येतो. आमच्या कड्यांचा सांधा वाकतो आणि तिथेच पडून राहतो.

रणगाड्यांतही हाच फरक असतो, हे मला नगरला कळलं. अहिल्यानगरला, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरला, 1994 पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. कॉलेजच्या सहलीत गेलो होतो. सगळी मित्रमंडळी तोफेच्या नळीसोबत फोटो काढत होती, मी खाली बसून पट्टे बघत होतो. (हो, मी तेव्हापासूनच असा आहे.) काही पट्ट्यांचे सांधे नुसते खिळ्यावर फिरतात, त्यांना डेड ट्रॅक म्हणतात. काहींच्या सांध्यात रबराची बुश असते आणि ती मुद्दाम थोड्या कोनात बसवलेली असते. पट्टा गाडीवरून काढला तर तो आपणहून आतल्या बाजूला वळतो. तो लाइव्ह ट्रॅक. म्हणजे आमची पोळी ही डेड ट्रॅक होती. 36 कड्यांना 360 अंश वाटून द्या, दर सांध्याला दहा अंश येतात. प्रत्येक सांध्याला तेवढे दहा अंश हवेहवेसे वाटले पाहिजेत, बस.

मग आधी वाल्व ट्यूबच वापरली. कड्यांच्या आतून बांधली. फार मऊ पडली, गोल उभा राहिला पण बोट लावलं की झोपला. नंतर सायकलच्या दुकानातून जुनी ब्रेकची वायर आणली, नळीच्या आतली, पिळाची. ही वायर हट्टी असते, तिला सरळच राहायचं असतं. जबरदस्तीनं वळवून टोकं जोडली की ती सगळीकडून सारखीच बाहेर ढकलते, आणि सारखं ढकलल्यावर आकार गोलच होतो. दोन वायरी, कडेला एकेक, कड्यांच्या भोकांतून दोऱ्यानं बांधल्या. टोकं एकमेकांवर ठेवून वाल्व ट्यूबमध्ये घातली, म्हणजे तीही वाया गेली नाही. एक गोष्ट मात्र लिहून ठेवा: दोरा करकचून बांधू नका. चाक दबतं तेव्हा वायर आणि कड्या एकमेकींवरून जराशा सरकतात. घट्ट बांधलं की सांधेच आखडतात. यात आमचा एक अख्खा रविवार गेला.

पोलादी तारेचं लवचीक चाक ही काही आमची अक्कल नाही म्हणा. 1971 मध्ये अपोलो 15 सोबत चंद्रावर गेलेल्या गाडीची चाकं विणलेल्या पोलादी तारांची होती, त्यात हवा नव्हती. त्यांना मधे तुंबा मात्र होता.

आता तुंब्याचं. आमच्या गल्लीत एक म्हातारे सुतारकाका आहेत. बैलगाडीची चाकं करायचे. तुंबा, त्यात ठोकलेले आरे, वर पुठ्ठे आणि त्यावर तापवून चढवलेली लोखंडी धाव. त्यांना हे दाखवलं तर म्हणाले, "तुंब्याबिगर चाक कुठी रायते का रे पोट्ट्या? वजन कायच्यावर ठेवतं?" प्रश्न एकदम बरोबर होता. तुंबा असला की वजन आऱ्यांतून कडेला जातं. तो नसला तर वजन थेट कडेच्या तळावर ठेवावं लागतं, आतून, रोलरवर. म्हणून आमच्या चौकटीला खाली चार छोटे रोलर आहेत आणि बाजूला दोन पट्ट्या, कडा निसटू नये म्हणून. वरचा अर्धा गोल काहीच उचलत नाही, नुसता आपली पाळी येईपर्यंत फिरतो.

पहिल्यांदा मोटर चालू केली तेव्हा चाक जागच्या जागी आणि चौकटच आतून वर चढली! पिंजऱ्यातल्या उंदरासारखी. मग मागे एक लांब शेपटी लावली, जमिनीला टेकणारी, आणि बॅटरी अगदी तळाला नेली. तेव्हा कुठे गाडा हलला.

आणि फायदा काय? तो पाहायला आम्ही शेतातली काळी माती आणली. आपल्याकडची माती माहितीये, पाणी प्यायली की फुगते आणि पाय ठेवला की चप्पल ठेवून घेते. परातीत ओली माती पसरली. त्याच गोलात पुठ्ठ्याची जाड चकती घट्ट बसवून तो आधी कडक केला, आत अर्धा किलोचं वजन ठेवलं. ठसा दोन कड्यांचा आला, खोल. चकती काढली, तेच वजन रोलरच्या चौकटीवर ठेवलं. ठसा पाच कड्यांचा, उथळ. कडी 12 मिलिमीटरची, म्हणजे 24 च्या जागी 60 मिलिमीटर टेकले. वजन तेच, जागा अडीचपट, दाब तेवढाच कमी. सुतारकाकांनी ठशात बोट घालून खोली पाहिली. बोलले काही नाहीत, पण चहा होईपर्यंत बसून राहिले.

भाचा आता पुन्हा रोज डबा उघडतो. परवाच्या पावसानंतर आम्ही गाडा खऱ्या वावरात सोडला. दोन हात झकास गेला, तिसऱ्या हाताला अडकला. चिखल सांध्यांत भरला होता, 36 च्या 36 सांधे बंद, आणि आमचं लवचीक चाक दगडासारखं कडक. मी कपाळाला हात लावला. भाचा गुडघ्यावर बसून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मामा, याच्यावरून सायकलची ट्यूब चढवली तं? माती आत जाईनच कशी?"

कड्या धुऊन गच्चीवर वाळत घातल्यात. रविवारी पंक्चरच्या दुकानात जातोय, किती इंची ट्यूब बसली ते पुढच्या भागात सांगतो. घरी कोणी करून पाहिलं तर ठशाचा फोटो पाठवा, कड्या मोजून. चला, गाडी आली वाटतं, थांबतो.