जांघेतलं दुखणं

परवा आमच्या गटातली एकजण लंगडत मीटिंगला आली. म्हणाली, पाय मुरगळलाय. खरं तर पाटाच्या चिखलात पाय घसरून फाकला होता, आठवडाभर दुखत होती जांघ. त्या जागेचं नाव घ्यायलाच आपण लाजतो!

मांडीच्या आतल्या बाजूला पाच स्नायू असतात. डॉक्टर त्यांना अ‍ॅडक्टर म्हणतात. बाहेर गेलेला पाय ते आत ओढतात, चालताना तोल धरतात. 2023 मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं गदा जिंकली. समोरचीचा पाय आवळून धरायला पैलवान पोरींना हेच स्नायू लागतात. आणि सातारा-सांगलीच्या उसात उकिडवं बसून भांगलणाऱ्या आपल्यालाही.

ताण बसला तर दोन-तीन दिवस ओझं उचलू नका, तेल लावून रगडू नका. फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा मिनिटं धरा. दुखणं उतरलं की उताणं झोपून, गुडघे मोडून, त्यांच्यामध्ये उशी हलकेच दाबायची. जांघेत गाठ आली, ताप आला किंवा पाय टेकवेना, तर थेट दवाखाना. तिथं जागा नेमकी सांगा.

आमची ती अजून गेलेली नाही. उद्या आम्ही दोघी तिच्याबरोबर जाणार आहोत.