वाणिज्याकडे ओढा असलेल्या विद्यार्थ्याची महाविद्यालयांची यादी
(दिंडोशी येथील विद्यार्थी-गुणगौरव समारंभात दिलेले व्याख्यान)



अशा समारंभात वक्त्याने परिश्रमाचे महत्त्व सांगावे, असा प्रघात आहे. परिश्रम तर या मुलांनी करून दाखविलेच आहेत. तेव्हा मी एका साध्या कागदाविषयी बोलणार आहे. अकरावीच्या प्रवेशासाठी महाविद्यालयांचा जो पसंतीक्रम भरून द्यावयाचा असतो, तो हा कागद. दहावीसाठी मुलगा वर्षभर खपतो. आणि हा पसंतीक्रम मात्र आपल्या घरांतून एका रात्रीत, शेजाऱ्याच्या सल्ल्याने भरला जातो. ज्यांचा ओढा व्यापार, हिशेब व उद्योग यांकडे आहे, त्यांच्यापुरतेच मी आज बोलेन.

मराठी मध्यमवर्गाने वाणिज्य शिक्षणाकडे पुष्कळ काळ दुय्यम म्हणून पाहिले. हुशार मुलाने शास्त्र शाखेस जावे, उरलेल्यांनी कॉमर्स करावे, ही समजूत आजही पुरती गेलेली नाही. वस्तुतः वाणिज्य शिक्षणाचा या शहराएवढा जुना वारसा फार थोड्या ठिकाणी असेल. सिडनहॅम महाविद्यालय १९१३ साली स्थापन झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ पासून दोन वर्षे तेथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. माटुंग्याचे पोद्दार महाविद्यालय १९४१ चे आहे. आपल्या उपनगरांतही पार्ले टिळक विद्यालय असोसिएशनचे डहाणूकर, जुहू-पार्ल्याचे नरसी मोनजी, गोरेगावचे पाटकर-वर्दे, मालाडचे प्रल्हादराय दालमिया लायन्स अशी महाविद्यालये उभी आहेत. म्हणजे उणीव संस्थांची नाही. त्यांतून निवड कशी करावी, हा खरा प्रश्न आहे.

मुंबईत कित्येक वर्षे चालत आलेली केंद्रीय ऑनलाइन पद्धत २०२५ पासून सबंध राज्यास लागू झाली. विद्यार्थ्यास कमाल दहा नावे क्रमाने देता येतात. तिच्याविषयी एक गैरसमज घरोघर आढळतो. पालक म्हणतात, ‘‘पहिल्या क्रमांकावर पोद्दार लिहिले आणि ते मिळाले नाही, तर ती पसंती फुकट गेली, आणि मागाहून जवळचेही हातचे जाईल.’’ तसे घडत नाही. संगणक विद्यार्थ्यांना गुणानुक्रमे घेतो, आणि प्रत्येकाची यादी वरून खाली वाचीत जाऊन ज्या पहिल्या महाविद्यालयात त्याच्या प्रवर्गाची जागा शिल्लक असेल ती त्यास देतो. आपण डहाणूकरला चौथे स्थान दिले म्हणून तेथे आपल्यापेक्षा कमी गुणांचा मुलगा केवळ पहिल्या पसंतीच्या बळावर आपल्या पुढे जात नाही. तेव्हा वरची दोन-तीन स्थाने महत्त्वाकांक्षेस निर्भयपणे द्यावीत. नुकसान होते ते दोन प्रकारांनी. दहाही नावे आवाक्याबाहेरची घातली, तर फेरीत काहीच पदरी पडत नाही. आणि तीनच नावे लिहून यादी सोडून दिली, तरी तेच.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले, तर प्रवेश घ्यावाच लागतो. न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांचे दार बंद होते. म्हणून पहिल्या स्थानावर शेजारणीवर छाप पाडणारे नाव नको, तर जेथे मूल उद्याच आनंदाने जाईल असे नाव हवे. दुसऱ्या ते दहाव्या पसंतीतले मिळाले, तर ते स्वीकारावे की पुढील फेरीची वाट पाहावी, ही मोकळीक असते. पण वाट पाहणाऱ्याची हातची जागा जाते, हे विसरू नये.

आता मधली आणि शेवटची नावे. ती ठरविताना गेल्या वर्षीच्या पहिल्या फेरीचे कट-ऑफ आपल्या प्रवर्गाचे पाहावेत, सर्वसाधारण नव्हे. पोद्दार आणि नरसी मोनजी यांचे आकडे वर्षानुवर्षे नव्वदीच्या वर राहिले आहेत. समजा, आपल्या मुलीला अठ्ठ्याऐंशी टक्के आहेत. तर ही दोन नावे वर असावीत, पण भरवसा त्यांवर नसावा. मधली चार-पाच नावे तिच्या गुणांच्या दोन-तीन टक्के अलीकडे-पलीकडे बंद होणारी असावीत. शेवटची दोन-तीन अशी असावीत की गेल्या वर्षी तिच्या गुणांहून बऱ्याच खाली बंद झाली, आणि तरीही तेथे जाण्यास तिची ना नाही. या अखेरच्या नावांवर घराघरांतून फारसे कोणी बोलत नाही. यादीची खरी कसोटी मात्र तेथेच लागते. ज्या महाविद्यालयाचे नाव घेताच मुलगी रडेल, ते नाव ‘सुरक्षित’ म्हणून लिहिण्यात कसली सुरक्षितता?

जागा मोजतानाही सावध असावे. जयहिंद, एच. आर. यांसारख्या सिंधी भाषिक अल्पसंख्य आणि नरसी मोनजीसारख्या गुजराती भाषिक अल्पसंख्य संस्थांत बऱ्याच जागा त्या त्या समाजासाठी असतात. त्यांत तक्रार करण्यासारखे काही नाही. घटनेने दिलेला तो हक्क आहे. पण मराठी भाषिक मुलाने उरलेल्या जागांचाच हिशेब करावा. याउलट ‘इन-हाऊस’ जागांचा लाभ कोणालाही घेता येतो. ज्या महाविद्यालयात बारावी केली, तेथील पदवी वर्गात त्या विद्यार्थ्यास आधी प्रवेश मिळतो. म्हणजे अकरावीची निवड ही दोन वर्षांची नसून बहुधा पाच वर्षांची असते.

अंतराविषयी आपल्या वस्तीत दोन टोकांची मते आहेत. काहींना चर्चगेटखेरीज कॉलेज दिसत नाही. काही जण, विशेषतः मुलींच्या बाबतीत, मालाडपलीकडे पाठवावयास तयार नसतात. मुलास एक आणि मुलीस एक असे दोन नकाशे घरात असणे मला मान्य नाही. दिंडोशीहून प्रवास पूर्वीसारखा राहिलेला नाही. २०२२ मध्ये दिंडोशी स्थानक सुरू झाले, जानेवारी २०२३ पासून मेट्रो थेट गुंदवलीपर्यंत जाते, आणि ऑक्टोबर २०२५ पासून मरोळ नाक्यास गाडी बदलून मेट्रोनेच चर्चगेट गाठता येते. लोकलच्या मानाने भाडे जास्त पडते, ते महिन्याच्या खर्चात धरावे. सिडनहॅम शासकीय असल्याने तेथील शुल्क माफक असते. प्रवासाचा अधिक खर्च त्यातून भरून निघू शकतो. ज्यास चार्टर्ड अकाउंटंट व्हावयाचे आहे, त्याने मात्र जवळच्या महाविद्यालयाचा गंभीरपणे विचार करावा. फाउंडेशनच्या अभ्यासाला रोजचे वाचलेले दोन तास प्रतिष्ठेच्या नावापेक्षा अधिक उपयोगी पडतात.

बारावीनंतरची दारे निराळी आहेत, आणि त्यांची कुलपेही निराळी. बी.कॉम.साठी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून प्रत्येक महाविद्यालयाकडे अर्ज करावा लागतो. याद्या ज्याच्या त्याच्या लागतात. बी.एम.एस. आणि बी.बी.ए.साठी २०२४ पासून राज्याची सीईटी आहे. ती सुरू होताच अनेक महाविद्यालयांनी आपल्या अभ्यासक्रमाचे नाव बदलून ‘बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)’ असे केले, आणि तेथे सीईटीची गरज उरली नाही. तेव्हा जाहिरातीतील अक्षरे नीट वाचावीत. दिल्लीच्या श्रीराम महाविद्यालयाकडे २०२२ पासून सीयूईटीच्या वाटेने जावे लागते. इंदूरच्या आयआयएमचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम २०११ पासून आहे. त्याची परीक्षा वेगळी आणि शुल्क कित्येक लाखांच्या घरातले. त्या परीक्षेतून गणित सुटत नाही, आणि दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्सला तर ते बारावीस घेतलेले असावेच लागते. म्हणून अकरावीला कॉमर्स घेताना गणित सोडण्याची घाई करू नये, अशी माझी सर्व मुलांना विनंती आहे. येथे प्रत्येक अर्जाला निराळे शुल्क पडते. तेव्हा दूरचे एक किंवा दोन, मुंबईतले सीईटीचे, आणि आपल्याच महाविद्यालयाचे इन-हाऊस, एवढे पुष्कळ झाले.

राहता राहिले कागद. ज्यांना लागू आहे त्यांनी जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र निकालाची वाट न पाहता आधीच काढून ठेवावे. निकालानंतर तहसील कचेरीत मोठी रांग लागते. चहापानानंतर मी मागच्या टेबलापाशी बसणार आहे. मुलांनी आपली गुणपत्रिका आणि दहा नावांची कच्ची यादी घेऊन यावे. आईवडिलांनीही यावे, मात्र यादी मुलाच्या हस्ताक्षरात असावी.