फुकट मुंबई
(नगरला तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सहा डिसेंबर जवळ आला की मुंबईतल्या काही बाल्कन्यांना पोटशूळ उठतो. "आले, फुकटात मुंबई बघायला आले." विनातिकीट येतात, घाण करतात, गेटवे बघतात, राणीची बाग बघतात आणि जातात. ही बडबड तुम्ही ऐकलीय, मी लोकलमध्ये उभ्या उभ्या ऐकलीय. आणि आपली माणसं त्यावर काय करतात? शपथा घालतात. नाही हो साहेब, आम्ही फक्त बाबासाहेबांच्या दर्शनाला येतो, मुंबई बघायला नाही.

मी म्हणतो, का नाही? बघायलाच येतो. डोळे फाडून बघायला येतो.

आता त्या "फुकट" शब्दाची झडती घेऊ. १९७२ च्या दुष्काळात जामखेड, कर्जत, पाथर्डीकडची माणसं खडी फोडून थकली आणि मुंबईला गेली. माझा आजा त्यातलाच. त्याने धक्क्यावर पाठीने पोती वाहिली. मी मॅट्रिक झालो, कविता करतो, आणि तरी त्याच गोदीत कंत्राटावर आहे. या शहराच्या पोटात गेलेला गहू, लोखंड, सिमेंट, सगळं कोणाच्या तरी खांद्यावरून गेलं. तिकीट आपण आधीच फाडलंय. तीन पिढ्यांचं रिटर्न तिकीट आहे आपल्या खिशात.

बाबासाहेब दिल्लीत गेले, ६ डिसेंबर १९५६ ला, २६ अलीपूर रोडवर. आज तिथे जे राष्ट्रीय स्मारक आहे त्याचं उद्घाटन १३ एप्रिल २०१८ चं. राजधानीचं घड्याळ असं चालतं. ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले आणि चैत्यभूमीच्या स्तूपाचं उद्घाटन ५ डिसेंबर १९७१ ला. मधली पंधरा वर्षं लोक येतच होते. स्तूप नव्हता तेव्हा वाळू होती, समुद्र होता. इंदू मिलच्या जागेवर २०१५ साली भूमिपूजन झालं, मग पुतळ्याची उंची किती फूट यावर चर्चा. असो.

पुतळ्यापेक्षा मला परळची बीआयटी चाळ मोठी वाटते. चाळ नंबर १, दुसरा मजला, खोल्या ५० आणि ५१. राजगृह होईपर्यंत बाबासाहेब तिथे राहिले. शाहू महाराज त्यांना भेटायला तो जिना चढले. जा, तो जिना चढून बघा. पण बोंबाबोंब करू नका, चाळीत माणसं राहतात. मग दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह. पुस्तकांसाठी बांधलेलं घर. ७ जुलै २०२० ला तिथे शिरून कोणीतरी कुंड्या-काचा फोडल्या. पुस्तकाची भीती अजून गेलेली नाही त्यांची.

गावदेवीला मणिभवन आहे, गांधींचं. आपली पोरं तिकडे फिरकत नाहीत, आपलं काय तिथं म्हणतात. अरे, १४ ऑगस्ट १९३१ ला बाबासाहेब तिथेच गांधींच्या समोर बसले आणि मला मायभूमी नाही हे तोंडावर सांगून आले. ती खोली बघितल्याशिवाय परत येऊ नका.

आता माझ्या गोदीचं. १४ एप्रिल १९४४. तारीख लक्षात घ्या, भीमजयंतीचा दिवस. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज लागलेलं. पोटात जवळजवळ १४०० टन स्फोटकं, त्यावर कापसाच्या गाठी, आणि सोन्याच्या विटा. दुपारी गाठींनी पेट घेतला. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. भायखळ्याला त्यांचं स्मारक आहे, देशभर तो दिवस पाळतात. पाळलाच पाहिजे, ती माणसं आगीत शिरली होती. पण त्या दिवशी एकूण माणसं मेली शेकड्यांनी. त्यातले हमाल कोण होते? कुठल्या गावचे? सोन्याच्या विटा नंतर कित्येक वर्षांनीही गाळातून निघाल्या, एकेक मोजली गेली. हमालांच्या नावांची पाटी मी पाळी सुटल्यावर शोधत फिरतो. अजून दिसली नाही. व्हिक्टोरिया गोदी तर बुजवूनच टाकली.

आणि तुम्ही नगरवाले हसू नका. तुम्ही स्वतः एका जुन्या राजधानीत राहता, निजामशाहीच्या. बाजारात विकला गेलेला हबशी गुलाम मलिक अंबर याच निजामशाहीचा कारभारी झाला, मोगलांना त्याने वर्षानुवर्षं पाणी पाजलं. भुईकोट किल्ल्यात १९४२ पासून नेहरू, पटेल, आझाद कैदेत होते. नेहरूंनी १९४४ साली 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथेच लिहिलं. ती खोली जपलीय. चांगलं केलं.

पण जामखेड तालुक्यात चला. चौंडीला अहिल्याबाईंचं जन्मस्थान. ६ मे २०२५ ला अख्खं मंत्रिमंडळ तिथे येऊन बसलं. जिल्ह्याचं नावही बदललं. त्याच तालुक्यात खर्डा. १७९५ च्या लढाईचा किल्ला, समोर २०२१ साली लावलेला ७४ मीटर उंच ध्वज. लांबून दिसतो. आणि त्याच खर्ड्यात २८ एप्रिल २०१४ ला आपला सतरा वर्षांचा पोरगा मारून झाडाला लटकवला. २०१७ साली नगरच्या कोर्टातून आरोपी निर्दोष सुटले. मग पोराला मारलं कोणी? झाडाने? पर्यटनाच्या नकाशात किल्ला आहे. झाड नाही.

म्हणून या वर्षीचं ठरवू. पाच तारखेच्या रात्रीच दादरला उतरा, चैत्यभूमीची रांग लांब असते. सकाळी राजगृह, तिथून परळची चाळ, दुपारी भायखळा, मग भाऊचा धक्का. गोदीच्या आत पासशिवाय सोडत नाहीत, मी गेटवर भेटेन. येण्याआधी वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारा, कोणाचा बाप, कोणाचा चुलता गोदीत होता, कधी गेला, कधी परतला नाही. नाव, गाव, टोळी, जे आठवेल ते. दोनशे पानी वही आणा. शाईचं पेन नको, समुद्राच्या हवेत अक्षर फुटतं.