पाण्याचे शिक्षण आणि पाण्याची वाटणी
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



अल्पभूधारक शेतकऱ्याला पाणी कसे वापरावे हे शिकवले पाहिजे, असे आज सर्वच जण म्हणतात. शासन म्हणते, बँका म्हणतात, ठिबकच्या नळ्या विकणारेही म्हणतात. या म्हणण्यात एक गृहीत दडलेले आहे : पाण्याची नासाडी होते ती शेतकऱ्याच्या अज्ञानामुळे. ते गृहीत आज आपण तपासून पाहू.

पाण्याचे शिक्षण देणाऱ्या संस्थांची महाराष्ट्रात वाण नाही. चार कृषी विद्यापीठे आहेत, जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रे आहेत, आणि १९८० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, स्थापन झालेली जल व भूमि व्यवस्थापन संस्थाही आहे. कोणत्या पिकाला किती पाळ्या द्याव्यात, सरी किती लांब असावी, ठिबकचा संच कसा राखावा, हे ज्ञान उपयुक्तच आहे. त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही.

परंतु दीड एकराच्या धन्याचे प्रश्न निराळे असतात. माझ्या विहिरीला मार्चपर्यंत पाणी राहील काय? शेजाऱ्याने खोल बोअर मारला तर मी दाद कोणाकडे मागावी? या प्रश्नांची उत्तरे सरीच्या लांबीत सापडत नाहीत. हे प्रश्न वाटणीचे आहेत.

शेततळ्याचेच उदाहरण घ्या. पावसाचे वाहते पाणी अडवून साठवावे, ही मूळ कल्पना. प्रत्यक्षात अनेक गावांत प्लास्टिक अंथरलेली तळी विहिरी-बोअरच्या पाण्याने भरली जातात. जमिनीखालचे सर्वांचे पाणी एकाच्या तळ्यात येते आणि त्यातले कितीतरी उन्हात उडून जाते. ठिबकने वाचलेले पाणीही पुष्कळदा विहिरीत राहत नाही. त्याच मालकाचे बागायत तेवढे वाढते. असे करणारा शेतकरी अडाणी नसतो. किंबहुना गावात सर्वांत अधिक प्रशिक्षण त्यालाच मिळालेले असते!

वाटणीचे शास्त्र आपल्याकडे नव्हते असे नाही. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवरील बंधाऱ्यांखाली फड पद्धत पिढ्यान् पिढ्या चालली. एका फडात एक पीक, आणि पाणी देणारा पाटकरी गावाने नेमलेला. पुढे वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी वाढल्या आणि फड मोडत गेले. त्या पाटकऱ्याला कोणत्याही संस्थेने शिक्षकाच्या खुर्चीवर बसवले नाही.

१९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावी पाणी पंचायतीचा प्रयोग मांडला. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर माणसांच्या प्रमाणात : माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला फार तर अडीच एकर भिजेल एवढे. ऊस घ्यायचा नाही. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. त्यातील अनेक योजना पुढे टिकल्या नाहीत, हे कबूल केले पाहिजे. पण पाण्यावरचा हक्क सात-बाराच्या उताऱ्यापासून सोडवता येतो, हे त्यांनी करून दाखवले. नाशिक जिल्ह्यात ओझरला बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने वाघाड धरणाच्या कालव्यावर पाणीवापर संस्था उभ्या केल्या. शेतकरी घनमापाने मोजून पाणी घेऊ लागले आणि त्याचा हिशेब स्वतः ठेवू लागले. हिशेब हाती आला, म्हणून शिक्षणाला अर्थ आला.

येथे आपल्या भूमिकेचा प्रश्न येतो. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने पाणीवापर संस्थांना अधिकार दिले, परंतु सभासदत्व जमीनधारकाचे. रात्री-अपरात्री दारे धरणारी बाई, तिच्या नावावर जमीन नसेल तर, सभेत मोजली जात नाही. मजुराचा तर प्रश्नच नाही. प्रशिक्षणाची यादी सभासदांच्या यादीवरून होते, आणि ज्यांच्या हाताला पाणी लागते तेच वर्गाबाहेर राहतात.

म्हणून आपली मागणी केवळ आणखी शिबिरांची असू नये. पहिली मागणी अशी की वर्ग शिवारात भरावा. पावसाळा सरताच विहिरींची पातळी गावासमक्ष मोजावी आणि ताळेबंद मांडून रब्बीची पिके ग्रामसभेत ठरावीत. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे वर्षानुवर्षे करीत आले आहे. दुसरी, दारे धरणाऱ्या स्त्रिया आणि भूमिहीन यांना प्रशिक्षणात आणि निर्णयात सारखेच स्थान हवे. तिसरी, अनुदान देताना संच बसवला की नाही एवढेच न पाहता गावाचा उपसा घटला की नाही हे पाहावे.

ही कामे संस्था आपण होऊन करणार नाहीत, कारण वाटणी म्हटली की गावातील बलवानांशी गाठ पडते. अभियंता तिथे गप्प बसेल. त्याचा दोष नाही, त्याची बदली होऊ शकते. आपली बदली कोणी करू शकत नाही. तेव्हा यंदा पावसाळा सरल्यावर प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावातील निदान दहा विहिरींत दोर सोडावा, पातळी लिहून घ्यावी आणि तो कागद ग्रामसभेत वाचावा. बाकीची चर्चा तिथूनच सुरू होईल.