बटण दाबण्यापूर्वी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली, घरसंसारातली बाई. व्याख्यान देण्याचा माझा अधिकार नाही. चिटणीसबाईंचा आग्रह मोडवेना म्हणून उभी आहे.

मोबाईलवर नवे पान उघडले, खाली अनोळखी बटण दिसले, तर ते दाबावे का? काहीजणी म्हणतात, दाबून तर पाहू. काहीजणी भिऊन फोनच मुलाच्या हाती देतात. मला दोन्ही पटत नाही.

लाडकी बहीण योजनेचेच पाहा. दरमहाचे १५०० रुपये चालू राहण्यासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने ई-केवायसी सक्तीची केली. त्या पानावर, घरातले कोणी कायम सरकारी नोकरीत 'नाहीत', असे वाक्य होते आणि उत्तराला 'होय' व 'नाही'. वाक्यात एक नकार, बटणावर दुसरा! इथेच पुष्कळजणी गोंधळल्या. ज्यांच्या घरी साधी शिपायाचीही नोकरी नाही, अशांचीसुद्धा नोंद सरकारी नोकरदारांत झाली आणि हप्ता अडला. दुरुस्तीची एक संधी पुढे दिली गेली खरी. पण आपले चुकले हेच जिला ठाऊक नाही, ती दुरुस्त काय करणार? त्या पैशांवर तिचे महिन्याचे औषधपाणी चालते हो.

सासरेबुवा जुन्या सावकारीच्या गोष्टी सांगत. न वाचलेल्या कागदावर अंगठा उठला की जमीन गेली. म्हणून १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. तो सातारा जिल्ह्यालाही लागू होता, आणि आपले वाळवे, तासगाव तेव्हा साताऱ्यातच होते. मला तर बटण म्हणजे तो अंगठाच वाटतो.

पण सगळीच बटणे तशी नसतात. ओळखीच्या पानावर 'मागे', 'पुढे', 'भाषा बदला' ही नुसती दाखविणारी. ती खुशाल दाबा, त्याशिवाय शिकणार कशा? 'सबमिट', 'पे', 'अलाऊ', 'इन्स्टॉल' ही मात्र आपल्याकडून काही घेणारी. तिथे हात थांबवावा आणि वरचे वाक्य मोठ्याने वाचावे. शेजारणीला ऐकू गेले तर उत्तमच. सरकारी पान असेल तर पत्त्यात 'जीओव्ही डॉट इन' आहे का तेही पाहावे. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे आपल्याकडून जाणार हे समजा. गेलेच, तर लाजत बसू नका, लगेच १९३० या क्रमांकावर कळवा.

दर गुरुवारी दुपारी भजनानंतर मी इथेच असते. फोन घेऊन या, आणि चष्मा विसरू नका.